जर्मन-रशियन शाळेत मुलीला घालावं का?

एका बाबांचं पत्र आलंय, त्यांचा प्रश्न असा आहे. वडील साताऱ्याचे, आई रशियातल्या समारा शहरातली, मुक्काम बर्लिनमध्ये. मुलगी साडेचार वर्षांची. आई तिच्याशी रशियन बोलते. बाबा मराठी बोलतात, पण ऑफिसातून आल्यावर जेवढं होईल तेवढंच. आईबाबा आपसात इंग्रजी बोलतात आणि बालवाडीत दिवसभर जर्मन. आता शाळेची वेळ जवळ आली आहे. जर्मन-रशियन द्विभाषिक शाळेत घालायचं, की साधी जर्मन शाळा आणि जोडीला शनिवारची रशियन शाळा, की हे काहीच नको? तिथे भाषा आणि संस्कृती म्हणून नेमकं शिकवतात काय? मराठीचं काय होईल? आणि सध्याच्या काळात मुलीला रशियन शाळेत घालणं योग्य आहे का?

मी रशियन शिकले पुण्यात, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये. गेली 22 वर्षं बर्लिनमध्ये ती शिकवते आहे, आधी एका खासगी द्विभाषिक शाळेत आणि नंतर शनिवारच्या शाळेत. माझ्या वर्गात दोन्ही तऱ्हेची मुलं असतात: घरी रशियन बोलणारी, आणि ज्यांच्या घरात रशियनचा एक शब्दही नाही अशी. म्हणून उत्तर लांबेल.

आधी निकाल सांगते. घाला. पण ‘रशियन टिकावी’ एवढ्याच कारणासाठी घालणार असाल तर थोडं थांबा. बोलण्यापुरती रशियन तिची आई एकटी टिकवू शकते. शाळा हवी ती दुसऱ्याच कामासाठी. घरातली भाषा घराएवढीच असते. जेव, हात धू, मोजे कुठे टाकलेस, आजीला फोन लाव, एवढ्यात तिचं सगळं आटोपतं. घरी अस्खलित रशियन बोलणारी सात वर्षांची कितीतरी मुलं माझ्याकडे येतात. त्यांना ‘चमचा’ येतो, ‘वजाबाकी’ येत नाही. ‘झाड’ येतं, ‘खोड’, ‘साल’, ‘मूळ’ येत नाही. आईशी भांडता येतं, पण दुसऱ्या मुलाशी भांडायची वेळ आली की जर्मन सुरू होतं, कारण बरोबरीच्या मुलाशी रशियनमधून भांडायचा प्रसंगच आयुष्यात आलेला नसतो. भाषेला घराबाहेर काढून वहीवर, फळ्यावर आणि मैदानावर नेणं हे शाळेचं काम. जी शाळा ते करते ती चांगली. जी करत नाही तिच्या दारावर कितीही सुंदर पाटी असली तरी उपयोग नाही.

बर्लिनमध्ये रशियन शाळा का आहेत हेही माहीत असावं, कारण वर्गात तुमच्या मुलीशेजारी कोण बसणार ते त्यावरून कळतं. 1917 च्या क्रांतीनंतर रशियातून निघालेले लाखो लोक जर्मनीत आले. त्यांतले इतके बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात राहिले की लोक त्या भागाला ‘शार्लोटेनग्राद’ म्हणू लागले. ती वस्ती पुढे पांगली. आजची रशियनभाषक मंडळी वेगळी आहेत. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिने 1763 मध्ये जाहीरनामा काढून जर्मन शेतकऱ्यांना व्होल्गेकाठी बोलावलं. त्यांच्या वंशजांना 1941 च्या ऑगस्टमधल्या हुकमाने कझाकस्तान आणि सायबेरियात हाकललं गेलं. सोव्हिएत संघ मोडकळीला आला तशी ही माणसं जर्मनीत परतू लागली. आजवर अशी 20 लाखांहून जास्त माणसं आली आहेत. नावं जर्मन, आडनावं जर्मन, आणि आजीच्या तोंडी रशियन. त्यांच्याबरोबर 1991 नंतर ओडेसा, कीव्ह, सेंट पीटर्सबर्ग इथून ज्यू कुटुंबं आली. मग नोकरीनिमित्त आलेले तुमच्या बायकोसारखे लोक. आणि 2022 पासून युक्रेनमधून जीव वाचवून आलेले. माझ्या सध्याच्या वर्गात 14 मुलं आहेत आणि मुलं किंवा त्यांचे आईवडील एकूण सहा देशांतून आले आहेत. रशियन ही त्या सगळ्यांची मिळून भाषा आहे, एकट्या रशियाची नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येईन तेव्हा याचा उपयोग होईल.

आता शाळेचे प्रकार. बर्लिनमध्ये 1992 पासून ‘श्टाटलिश ऑयरोपाशूल’ नावाची सरकारी योजना आहे. त्यात जर्मनच्या जोडीला एक भाषा असते: फ्रेंच, इंग्रजी, रशियन, तुर्की, पोलिश वगैरे. वर्गात निम्मी मुलं जर्मन मातृभाषेची आणि निम्मी जोडीदार भाषेची असावीत अशी रचना आहे. विषयही वाटलेले: गणित जर्मनमधून, परिसर अभ्यास आणि पुढे इतिहास-भूगोल जोडीदार भाषेतून. प्रत्येक मूल आधी आपल्या भाषेत वाचायला-लिहायला शिकतं, दुसरी लिपी नंतर येते. शाळा सरकारी असल्यामुळे शिकवण्याची फी नसते. रशियनसाठी कार्ल्सहोर्स्ट भागातली लेव्ह टॉलस्टॉय प्राथमिक शाळा या योजनेतली आहे. याच कार्ल्सहोर्स्टमध्ये 8 मे 1945 च्या रात्री जर्मन सैन्याने शरणागतीवर सही केली आणि पुढे दशकानुदशकं तिथे सोव्हिएत लष्कराचा तळ होता. रशियन शाळा तिथे असण्याला असा इतिहास आहे. अशा शाळा दुसऱ्या देशांतही आहेत. हेलसिंकीची फिनिश-रशियन शाळा तर 1955 पासून चालू आहे.

दुसरा प्रकार शनिवारच्या शाळेचा. पालकांनी मंडळ काढायचं, आठवडाअखेरीला एखाद्या शाळेचे वर्ग भाड्याने घ्यायचे आणि तीन-चार तास रशियन वाचन-लेखन, गणित, नाटक, बुद्धिबळ शिकवायचं. आपल्याकडच्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली अमेरिकेत चालणाऱ्या मराठी शाळा याच बेताच्या. फी पालक भरतात, शिक्षक बहुधा अर्धवेळ असतात, आणि शाळेची खरी ताकद म्हणजे शुक्रवारी रात्री झेरॉक्स काढणाऱ्या आया.

दोन्हींत फरक काय? तासांचा. साडेचार वर्षांचं मूल दिवसाला बारा-तेरा तास जागं असतं. त्यातले सात-आठ बालवाडीत. उरले पाच, त्यांत जेवण, आंघोळ, खेळ आणि तीन भाषा. शनिवारची शाळा यात आठवड्याला चार तास घालते. द्विभाषिक शाळा रोज तीन तास तरी घालते, आणि तेही वर्गमित्रांसोबतचे. कॅनडाचे भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी फार पूर्वी दाखवून दिलं आहे की बोलण्यापुरती दुसरी भाषा मुलाला वर्ष-दोन वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. माझा अनुभवही हाच. शनिवारच्या शाळेतून पाचवीला बाहेर पडणारं मूल साधी गोष्ट वाचतं, पत्र लिहितं. द्विभाषिक शाळेतलं मूल रशियनमधून वीज कशी तयार होते ते सांगू शकतं. तुम्हाला कार्ल्सहोर्स्ट गाठता येत असेल आणि प्रवेश मिळत असेल तर द्विभाषिक शाळाच निवडा. प्रवास पाऊण तासाहून लांब असेल तर मात्र निवडू नका. सहा वर्षांचं मूल रोज दीड तास गाडीत बसलं तर संध्याकाळी त्याच्या अंगात कुठलीच भाषा उरत नाही.

आता वर्गात काय चालतं ते. सुरुवात बुक्वारने, म्हणजे अंकलिपीने. रशियनची 33 अक्षरं. मुलांना अक्षरं सुटी शिकवत नाहीत, जोडीने शिकवतात: मा, मो, मू, मी. यांना ‘स्लोगी’ म्हणतात आणि भिंतीवर त्यांचे तक्ते लावतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला आपली बाराखडीच भिंतीवर दिसली. तुम्ही घरी ‘क, का, कि, की’ म्हणालात तर मुलीला ते अजिबात परकं वाटणार नाही. घोटाळा होतो तो जर्मन लिपीशी. लॅटिन ‘बी’सारखं दिसणारं अक्षर रशियनमध्ये ‘व’ असतं, ‘एच’सारखं ‘न’, ‘पी’सारखं ‘र’ आणि ‘सी’सारखं ‘स’. दोन्ही लिप्या एकाच महिन्यात सुरू केल्या की मुलं ‘आर’च्या जागी ‘पी’ लिहितात आणि जर्मन बाई काळजीत पडतात. म्हणून एक लिपी हातात बसेपर्यंत दुसरीला थांबवायचं. तुमच्या मुलीची भक्कम भाषा कोणती हे आईने आणि बालवाडीच्या बाईंनी मिळून प्रामाणिकपणे ठरवावं. रशियन असेल तर रशियन लिपी आधी. जर्मन असेल तर वाईट वाटून घेऊ नका, जर्मन आधी.

मग येतात ‘प्रोपिसी’, गिरवण्याच्या वह्या. रशियन शाळेत जोडून, तिरकं, न उचलता लिहिणं शिकवतात आणि त्यात अक्षरांची रूपं छापील रूपांहून वेगळी असतात. हस्तलिखितातला ‘त’ लॅटिन ‘एम’सारखा दिसतो, ‘द’ ‘जी’सारखा. जर्मन पालकांना हे जुनाट वाटतं. मला नाही वाटत. समाराची आजी वाढदिवसाला पत्र पाठवते ते याच अक्षरात असतं. ते नातीला वाचता येत नसेल तर आजी फक्त फोनवरची राहते.

व्याकरणाचं मी जरा सविस्तर सांगते, कारण द्विभाषिक मुलांची रशियन सगळ्यात आधी इथे झिजते आणि पालकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. रशियनमध्ये सहा विभक्ती आणि तीन लिंगं. घरी रशियन ऐकून मोठी झालेली मुलं नपुंसकलिंग हरवतात. ‘याब्लको’ म्हणजे सफरचंद, ते नपुंसकलिंगी. पण शेवटचा ‘ओ’ बोलताना ‘अ’सारखा ऐकू येतो, म्हणून मुलं त्याला स्त्रीलिंगी समजतात आणि ‘मायो याब्लको’च्या जागी ‘माया याब्लको’ म्हणतात. संख्यांबरोबर तर फारच पडझड होते. एक पुस्तक ‘अद्ना क्नीगा’, दोन ‘द्वे क्नीगी’, पाच मात्र ‘प्यात क्नीग’. मुलं ‘प्यात क्नीगी’वरच थांबतात. आईला अर्थ कळतो, ती पुढे जाते. लिहायला बसेपर्यंत ही चूक कुणाच्या नजरेलाच पडत नाही. लिहिणं हा आरसा आहे, म्हणून मी लिहिण्याचा एवढा आग्रह धरते.

तुमचं मराठी इथे कामाला येईल, हे मी मनापासून सांगते. जर्मनमध्ये ‘मी शाळेत जातो’ हे एकच वाक्य दोन अर्थांनी चालतं. रशियनमध्ये आत्ता निघालात तर ‘इदू’, रोज जात असाल तर ‘खाझू’. जर्मन घरातल्या मुलांना हा फरक पटवायला मला महिनाभर लागतो. मराठी माणसाला एका वाक्यात सांगते: ‘मी शाळेत चाललेय’ आणि ‘मी शाळेत जाते’. क्रियापदांच्या जोड्यांचंही तसंच. ‘चिताल’ म्हणजे वाचत होता, ‘प्राचिताल’ म्हणजे वाचून काढलं. आपण ‘वाचलं’ आणि ‘वाचून काढलं’, ‘खाल्लं’ आणि ‘खाऊन टाकलं’ म्हणतो तेव्हा जवळपास हेच करतो. उच्चारातही आहे. चहातला ‘च’ आणि चमच्यातला ‘च’ आपण एकाच अक्षराने लिहितो, पण जिभेला दोन्ही येतात. रशियनमध्ये त्यांना दोन स्वतंत्र अक्षरं आहेत. तुमच्याशी मराठी बोलणाऱ्या मुलीला ती फुकटात मिळाली आहेत. शिवाय द्वार आणि ‘द्वेर’, अग्नी आणि ‘अगोन’, जिवंत आणि ‘झिवोय’ असे शब्द शोधायचा खेळ बापलेकीला अनेक रविवार पुरेल.

गणिताचा एक मुद्दा सांगून पुढे जाते. जर्मनमध्ये 23 म्हणताना ‘तीन आणि वीस’ म्हणतात, आपल्या ‘तेवीस’सारखंच एकक आधी. रशियनमध्ये ‘द्वात्सत त्री’, म्हणजे वीस-तीन. शनिवारच्या शाळेत रशियन गणित घेतलंत तर पहिले काही महिने मूल ऐकलेल्या 23 चे 32 लिहील. भागाकाराची मांडणीही वेगळी आहे. जर्मन शाळेत भागाकार एका ओळीत मांडून पायऱ्या खाली उतरवतात, रशियन शाळेत भाजक कोपऱ्यात लिहितात. मुलाच्या बुद्धीत काही कमी नसतं. दोन्ही शाळांच्या बाईंना हे सांगून ठेवा.

संस्कृती म्हणजे काय शिकवतात, असं विचारलंय. सुरुवात 1 सप्टेंबरला होते. रशियात तो ‘ज्ञानदिन’. मुलं नटून, हातात फुलं घेऊन येतात. फुलांची संख्या नेहमी विषम असते. सम संख्येची फुलं अंत्ययात्रेला नेतात, तेव्हा फुलवाल्याकडे मोजून घ्या. बुक्वार संपला की त्याचा निरोप समारंभ होतो, मुलं अक्षरांची टोपी घालून कविता म्हणतात. डिसेंबरच्या शेवटी योल्का: सजवलेलं झाड, देद मरोझ नावाचा हिवाळ्याचा आजोबा आणि त्याची नात स्नेगूरोच्का. भेट हवी असेल तर आजोबांसमोर कविता म्हणायची. ही योल्का नाताळची नव्हे, नववर्षाची. रशियन चर्च जुनं पंचांग पाळतं, त्यामुळे त्यांचा नाताळ 7 जानेवारीला येतो. थंडी सरताना मास्लेनित्सा हा सण, त्यात सूर्यासारखे गोल ब्लिनी, म्हणजे धिरडी. 6 जूनला पुश्किनचा जन्मदिवस, आणि तोवर प्रत्येक मुलाला त्याची एक तरी कविता तोंडपाठ. पाठांतरावर रशियन शाळेचा फार जोर असतो. बर्लिनच्या पालकांना ते खटकतं. परवचा म्हणत वाढलेल्या मराठी घरात त्याचं वावडं असू नये. पाठ केलेल्या ओळीत विभक्तीचा प्रत्यय चुकीचा बसूच शकत नाही, वृत्त मोडतं. ‘प्यात क्नीगी’ म्हणणारं मूल कवितेत तोच प्रत्यय अचूक म्हणतं आणि दोन वर्षांनी बोलण्यातही तो येऊ लागतो. हे मी कितीतरी मुलांत पाहिलं आहे.

शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. नाव आणि पुढे वडिलांचं नाव. मी पहिल्या दिवशी वर्गात गेले तेव्हा एका चिमुरडीने विचारलं, ‘तुमच्या बाबांचं नाव काय?’ वसंत, म्हटलं. ‘मग तुम्ही वसंतोव्ना,’ तिने लगेच ठरवलं. रशियनमध्ये वसंत ऋतू म्हणजे ‘वेस्ना’, त्यामुळे मुलांना ते नाव ओळखीचंच वाटलं. बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही आपली रीत जर्मनांना सांगताना दमछाक होते; रशियनांना सांगावीच लागत नाही. तुमच्या मुलीच्या नावातही तुमचं नाव असंच जाईल.

मोठ्या मुलांना मी अफनासी निकितीन शिकवते. पंधराव्या शतकातला हा व्यापारी त्वेर शहरातून निघाला, व्होल्गेने खाली उतरला, इराण ओलांडून जहाजाने चौलला पोहोचला, जुन्नरला त्याने पावसाळा काढला आणि पुढे बिदरला गेला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. समारा व्होल्गेकाठीच आहे, म्हणजे तुमच्या मुलीच्या आजोळावरून वाहणारी नदी त्याच प्रवासातली. तिला हा नकाशा नक्की काढायला लावा.

शाळा बघायला जाल तेव्हा काय बघायचं हे मी एका चुकीतून शिकले. मी पहिली तीन वर्षं ज्या खासगी शाळेत होते तिथे माहितीपत्रकात ‘निम्मं जर्मन, निम्मं रशियन’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात रशियनचे शिक्षक टिकत नव्हते, दर वर्षी एक विषय गुपचूप जर्मनमध्ये जात होता, आणि उरलेल्या रशियनमध्ये गाणी, सराफान नावाचे पारंपरिक झगे आणि लाकडी बाहुल्या. कार्यक्रम सुरेख व्हायचे. चौथीच्या मुलांना आपल्या सुट्टीबद्दल पाच वाक्यं लिहिता येत नव्हती. मला ते दिसत होतं आणि मी पहिल्या वर्षी बोलले नाही, याचं आजही वाईट वाटतं. तेव्हा कार्यक्रमाचे फोटो पाहू नका, चौथीच्या वह्या मागा. कोणता विषय पूर्णपणे रशियनमधून होतो आणि तो कोण शिकवतं ते विचारा. चौथीत मुलं किती आहेत आणि त्याच तुकडीत पहिलीत किती होती तेही विचारा, कारण नऊ-दहाव्या वर्षी मुलं गळतात. तेव्हा फुटबॉल सुरू होतो, पुढच्या शाळेची काळजी सुरू होते, आणि मूल म्हणतं, ‘मला नाही जायचं.’ ज्या शाळेत तोवर जिवाभावाचा मित्र मिळालेला असतो तिथली मुलं राहतात.

पुस्तकंही उघडून पाहा. रशियात छापलेलं मातृभाषेचं क्रमिक पुस्तक मुलाला सगळे शब्द येतात असं धरून चालतं. परदेशीयांसाठीचं पुस्तक त्याला काहीच येत नाही असं धरतं आणि सात वर्षांच्या मुलाला विमानतळावर सामान कसं मागायचं ते शिकवतं. तुमची मुलगी या दोन्हींत बसत नाही. तिला आईची रशियन कानाने येते, फक्त ती अपुरी आहे. द्विभाषिक मुलांसाठी मुद्दाम लिहिलेली पुस्तकं आता मिळतात. ती शाळेत नसतील तर बाईंनी स्वतःचे कागद तयार केलेत का ते पाहा. चांगल्या बाईंकडे गठ्ठा असतो.

आता युद्धाबद्दल. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी आमच्या शाळेत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. काही आयांचे आईवडील युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये तळघरात होते, काहींचे भाऊ रशियात. महिन्याभरात खारकीव्हचाच एक नऊ वर्षांचा मुलगा आला. घरची भाषा रशियन, पण ती बोलायची नाही असं त्याने ठरवलं होतं. मी त्याला काही विचारलं नाही. तो मागे बसून चित्रं काढायचा. मे महिन्यात बुद्धिबळाच्या तासाला एक मुलगी हत्तीला ‘बाश्न्या’ म्हणाली. जर्मनमध्ये त्या मोहऱ्याला बुरूज म्हणतात, तिने शब्दशः उचललं होतं. तो मागून म्हणाला, ‘बाश्न्या नाही, लाद्या.’ लाद्या म्हणजे होडी. मग मीही सांगितलं की आमच्याकडे तोच हत्ती, आणि रशियनमध्ये हत्ती म्हणतात तो आमचा उंट. तो उठून पटापाशी आला. त्या दिवसापासून बोलायला लागला. आता तो घरी युक्रेनियन बोलायचा प्रयत्न करतो, आमच्याकडे रशियन बोलतो, आणि यातलं काय कधी बोलायचं हे त्याचं तो ठरवतो. त्यात आम्ही पडत नाही.

म्हणून रशियन भाषा शिकण्यात मला लाजण्यासारखं काही दिसत नाही. पण पालक म्हणून डोळे उघडे ठेवायलाच हवेत. रशियन सरकारने 2007 मध्ये ‘रूस्की मीर’ नावाचं प्रतिष्ठान काढलं. ते परदेशातल्या रशियन शाळा-केंद्रांना पुस्तकं आणि पैसे पुरवायचं. युरोपीय संघाने 2022 मध्ये त्यावर निर्बंध घातले. तेव्हा खासगी किंवा शनिवारच्या शाळेला सरळ विचारा: पैसे कुठून येतात, इतिहासाचं पुस्तक कुणाचं, 9 मेला, म्हणजे रशियाच्या विजयदिनी, मुलांकडून काय करून घेता? आमच्याकडे त्या दिवशी मुलं आपापल्या पणजोबांबद्दल घरी विचारून येतात आणि सांगतात. एकाचे पणजोबा लाल सैन्यात, एकाचे जर्मन सैन्यात, एकाच्या पणजीला कझाकस्तानात मालगाडीतून उतरवलेलं. गणवेश नाहीत, झेंडे नाहीत. जी शाळा या प्रश्नांवर चिडते तिथे मुलीला पाठवू नका. सरकारी द्विभाषिक शाळेत हा धोका कमी, कारण अभ्यासक्रम बर्लिनचाच असतो.

आणि मराठी. तुमच्या पत्रात हा प्रश्न अर्ध्या ओळीत आहे, पण मला वाटतं तोच तुम्हाला झोपू देत नाही. स्पष्ट बोलते. रशियन शाळा मराठीला मारणार नाही. तिला मारू शकतं ते तुमच्या घरातलं इंग्रजी, आणि रात्री साडेसातला दमून आलेले तुम्ही. मुलीच्या आईकडे रशियनसाठी शाळा आहे, आजी आहे, शेजारीण आहे. मराठीसाठी बर्लिनमध्ये तिच्याकडे तुम्ही एकटे आहात. तेव्हा एक ठरलेली वेळ घ्या आणि ती कुणालाही देऊ नका. सकाळी शाळेत सोडायची वेळ सगळ्यात चांगली. तेव्हा तुम्ही दमलेले नसता आणि रोज बोलायला नवं काहीतरी दिसतं. तेवढी अर्धा-पाऊण तासाची वाट फक्त मराठीत. तिने जर्मनमध्ये उत्तर दिलं तर रागवू नका, तेच मराठीत म्हणून पुढे चला. बायकोला थोडं मराठी शिकू द्या, निदान जेवणाच्या टेबलावरचं, म्हणजे तुम्ही मराठी बोलताना तिला वगळल्यासारखं वाटणार नाही. देवनागरीची घाई नको. दोन लिप्या पक्क्या झाल्या की आठव्या वर्षी सुरू करा, सहा महिन्यांत येईल. ज्या मुलाला वाचणं म्हणजे काय ते कळलंय त्याला नवी लिपी जड जात नाही. दर उन्हाळ्यात दोन देशांना जाणं परवडत नसेल तर एक वर्ष समारा, एक वर्ष सातारा, आणि गेलात की चार आठवडे राहा, चार दिवस नको. समाराला जाणं सध्या अवघड असेल तर आजीला इकडे बोलवा.

एका गोष्टीची मात्र तयारी ठेवा. पहिलीच्या दिवाळीपर्यंत तुमची मुलगी वर्गात सगळ्यांपेक्षा कमी बोलेल. चार भाषा कानावर पडणारी मुलं आधी बराच काळ ऐकतात. कुणीतरी तुम्हाला म्हणेलच, ‘एक भाषा बंद करा.’ बंद करू नका. ती कुठल्याच भाषेत गोष्ट समजून घेत नसेल, बोट दाखवून भागवत असेल, तर तज्ज्ञांना दाखवा, आणि तिच्या भक्कम भाषेत तपासणी करायला सांगा. नुसती शांत असेल तर थांबा.

बर्लिनमध्ये नावनोंदणी आदल्या शरद ऋतूत होते आणि द्विभाषिक शाळेसाठी मुलीची छोटी भाषाचाचणी घेतात. तिची तयारी करून घेऊ नका. त्याआधी शाळेला फोन करून भेट मागा आणि वेळ मधल्या सुट्टीची घ्या. मैदानाच्या कडेला उभे राहा आणि मुलं भांडतात कुठल्या भाषेत ते ऐका. पहिलीची मुलं जर्मनमध्ये भांडतील, ते चालेल. तिसरी-चौथीची काही तरी मुलं रशियनमध्ये भांडताना ऐकू आली तर आत जा आणि अर्ज मागा.